माणिकताईंचे आठ काउंटर

माणिकताईंनी दोन नंबरचा काउंटर उघडला आणि त्यांच्या पाठीमागे एक नंबरची स्क्रीन काळी पडली. त्यांनी ते पाहिलं नाही. दोन नंबरवर आपला आयडी घातला, पासवर्ड घातला, खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि तीन नंबरकडे, म्हणजे माझ्याकडे आल्या.

"सरक गं जरा, वैजू."

मी सरकले. माझी स्क्रीन उजळली आणि दोन नंबरची गेली.

"ताई, मागे बघा."

"मागे बघत बसले तर पुढचे कधी उघडू?"

अशा त्या आठ नंबरपर्यंत गेल्या. आठवा काउंटर उघडला तेव्हा बाकीचे सात बंद होते, आणि काचेच्या दारातून संध्याकाळच्या विमानाचे पहिले प्रवासी ट्रॉल्या ढकलत आत येत होते. ताईंनी शेवटी वळून पाहिलं. मग परत एक नंबरवर गेल्या आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला आठ नंबरही गेला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. विमानतळाचं नाव मी सांगणार नाही, या गोष्टीतले काही लोक अजून नोकरीत आहेत. पण आठवण निघाली की माझं डोकं तापतं ते तापतंच. नवरा म्हणतो, सोड आता. का म्हणून सोडू?

आमच्या त्या लहान विमानतळावर कुठल्याच विमान कंपनीचा स्वतःचा काउंटर नव्हता. आठ काउंटर आणि त्यांच्यामागे एकच सामाईक यंत्रणा. सकाळी एका कंपनीचे प्रवासी, दुपारी त्याच जागी दुसऱ्या कंपनीचे. आम्ही मुलीसुद्धा तशाच सामाईक. कंत्राटदाराने नेमलेल्या. ज्या कंपनीचं विमान असेल तिचा स्कार्फ गळ्यात बांधायचा, विमान उडालं की सोडायचा आणि दुसरा बांधायचा. निळा, लाल, पिवळा, काय हवं ते.

काउंटर उघडायला आयडी लागतो, आणि आयडी आम्हाला नव्हते. कागदावर आम्ही मदतनीस होतो. मदतनिसाने रांग लावायची, ट्रॉली आणून द्यायची. तिकीट तपासून जागा देणं, बॅगेचं वजन करून टॅग लावणं, बोर्डिंग पास काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आणि त्याला पगारही प्रशिक्षिताचा. मग काय करायचं, तर काम प्रशिक्षिताचं करून घ्यायचं आणि नाव मदतनिसाचं ठेवायचं. आयडी मागितला की व्यवस्थापक टिपणीस साहेब म्हणायचे, "वर पाठवलंय." पाच वर्षं ते वरच होतं.

आयडी होता तो माणिकताई शेवाळेंना. आमच्या विमानतळावर दिवसाला एकच विमान उतरायचं तेव्हापासूनच्या त्या. कायम नोकरीतल्या. दुसरा होता जोगळेकरांना, ते पाय मोडून घरी होते. तिसरा खुद्द साहेबांना. म्हणून रोज ताई सगळ्यांच्या आधी येत आणि एक ते आठ सगळे काउंटर स्वतःच्या आयडीवर उघडून ठेवत. आम्ही आलो की विचारायचो, "ताई फिरल्या का?" फिरल्या असल्या की बसायचं आणि कामाला लागायचं. पासवर्ड त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. स्वतः घालायच्या, स्वतः बंद करायच्या.

आम्ही दिलेल्या प्रत्येक बोर्डिंग पासाच्या तळाशी 'शेवाळे' छापून यायचं. कुणाची जागा चुकली, कुणाशी तोंड वाजलं, तक्रार शेवाळेंवर. एकदा शबाना मुजावरने दिल्लीच्या बॅगेला चेन्नईचा टॅग लावला. मेमो ताईंना. शबाना रडायला लागली तर ताई म्हणाल्या, "रडतेस काय? मेमो मला आलाय, रडायचं तर मी रडेन."

तर त्या वर्षी जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं ठरलं. सर्व्हर नवा, काउंटरवरच्या मशिनी नव्या, सगळंच नवं. धावपट्टीच्या कामासाठी तेव्हा दुपारभर विमानं बंद असायची, त्या वेळात जुनं उपटून नवं लावायचं. त्यासाठी शिवानंद हुद्दार नावाचा इंजिनिअर आला होता. बेळगावकडचा, तिशीतला, सदा घाईत, पण माणूस सरळ.

बदलाच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांची बैठक घेतली. शिवानंदने सांगितलं, "नवीन सिस्टीमला एक आयडी एका वेळी एकाच मशिनीवर चालतो बगा. दुसरीकडे घातला की पहिलीकडचा आपोआप बंद. सगळ्यांना आपापले आयडी आहेत नव्हं?"

"आहेत," टिपणीस साहेब म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही.

मी तोंड उघडलं. "साहेब, आम्हा मुलींना तर..."

"ढमढेरे, ही तांत्रिक बैठक आहे."

मी गप्प बसणार नव्हते, पण टेबलाखाली ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. बैठक संपल्यावर त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी दाराबाहेर उभी होते आणि दार अर्धवट उघडं होतं.

"साहेब, मुलींचे आयडी झाले नाहीत. उद्या मी फिरले तर चालेल का?"

"शेवाळे, तुम्ही नेहमीसारखं करा. हुद्दारला मी सांगून ठेवतो, आपल्यापुरती सूट देतील ते. मी आहे ना."

हे मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं. ताईंनी विश्वास ठेवला. वरिष्ठाने 'मी आहे ना' म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं, झालं, गंगेत घोडं न्हालं. साहेबांनी शिवानंदला काय सांगितलं? डोंबल. एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी शिवानंदने आठही मशिनी एकेक करून तपासल्या होत्या, सगळ्या ठणठणीत. आणि आता त्या त्याच्या डोळ्यांदेखत विझत होत्या. तो बिचारा टेबलाखाली शिरून वायरी ओढून बघत होता, सर्व्हरच्या खोलीकडे पळत होता, परत येत होता. रांग दारापर्यंत गेली. एका बाईचं तान्हं मूल रडायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "अरे, मशिनी नव्या आणल्या की भंगारातल्या?" शेवटी आम्ही कोरे पास काढले आणि हाताने नावं, जागा लिहून माणसं विमानात बसवली. विमान उशिरा का होईना, उडालं.

तेवढ्यात शिवानंदला उमज पडला. तो लॅपटॉप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "हे शेवाळे कोण आहेत हो?"

संध्याकाळी उशिरा आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. फक्त ताईंना खुर्ची दिली, आरोपीला देतात तशी. उशीर झाल्याबद्दल वरून फोन आला होता आणि साहेबांना कुणाची तरी मान हवी होती. शिवानंदच्या लॅपटॉपवर जुन्या यंत्रणेतली नोंद उघडली होती. साहेबांनी ती अशी वाचली, जशी जन्मात पहिल्यांदा कळतेय.

"शेवाळे, या नोंदीप्रमाणे तुम्ही एकाच वेळी आठ-आठ काउंटरवर बसता?"

"बसते."

"हे कसं शक्य आहे?"

"सवय आहे, साहेब."

शबाना फिस्सकन हसली आणि लगेच खाली बघायला लागली. साहेब लाल झाले.

"सुरक्षेचा प्रश्न आहे हा. पासवर्ड कुणाकुणाला दिला होता?"

"कुणालाही नाही."

"मग त्या जागांवर कोण बसत होतं?"

ताईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांना काय माहीत नव्हतं? रोज सकाळी ते आमच्याच समोरून चहा घ्यायला जायचे, 'काय ढमढेरे, गर्दी आहे का?' असं विचारत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझ्याच्याने राहवेना.

"साहेब, तुम्हीच काल म्हणालात, नेहमीसारखं करा. मी दाराशी होते."

"मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही."

"बरं. तीन नंबरवर मी बसते. गेली पाच वर्षं. मलाही विचारा."

बाकीच्या मुली जमिनीकडे बघत होत्या. त्यांना मी बोल लावत नाही. एकेकीच्या घरी तिच्या पगाराची वाट बघणारी चार तोंडं होती. ताई मात्र माझ्याकडे असं बघत होत्या की आता उठून कानाखाली देतील.

साहेबांनी लॅपटॉपवर बोट फिरवलं. वर, खाली, परत वर. मग चष्मा काढला.

"तुमचं नाव इथे कुठेच नाही, ढमढेरे. या यंत्रणेप्रमाणे तुम्ही आजवर इथे एकाही प्रवाशाला बोर्डिंग पास दिलेला नाही. त्यामुळे तुमचा या विषयाशी काही संबंध येत नाही."

मला शिक्षासुद्धा होऊ शकत नव्हती. पहाटे उठून स्टोव्हवर चहा टाकून धावत आलेली पाच वर्षं, सुजलेले पाय, लोकांच्या शिव्या, गरोदरपणात उचललेल्या बॅगा, हे सगळं झालंच नव्हतं म्हणे. अंगाचा नुसता भडका उडाला. मी टेबलाकडे पुढे झाले.

"वैजू, मागे हो," ताई म्हणाल्या.

"पास काढा, शेवाळे. मुख्यालयात पाठवावा लागेल. चौकशी होईपर्यंत तुम्हाला आत येता येणार नाही."

विमानतळावर गळ्यातला पास म्हणजे माणूस. तो नसला की गेटवरचा जवान आत सोडत नाही, आणि एका विमानतळाने पास काढून घेतला की दुसरा कुठला देत नाही. ताईंनी पासाची फीत डोक्यावरून काढली. ती अंबाड्यात अडकली, मी सोडवून दिली. त्यांची मान मात्र खाली नव्हती.

बाहेर रिक्षास्टँडवर त्या माझ्यावर उसळल्या. "कशाला मध्ये बोललीस? मी एकटीने निभावलं असतं."

"आमच्यामुळे तुमची नोकरी जातेय आणि मी गप्प बसू?"

"जातेय की नाही ते बघू. पण एक ऐक. उद्या कुणी आयडी देऊ केला तर हात लावू नका. कितीही मोठा माणूस असू दे. माझं झालं ते झालं, तुम्ही अडकू नका." एवढं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

सकाळी तीन विमानं होती. आम्ही स्कार्फ बांधले, आपापल्या काउंटरवर बसलो आणि हात मांडीवर ठेवले. काही ठरवलं नव्हतं. समोर स्क्रीन बंद, करणार काय? लोक यायला लागले, रांगा लागल्या. साहेब आले ते धावतच.

"काउंटर का उघडले नाहीत?"

"कुणाच्या आयडीवर उघडू, साहेब?" हे शबानाने विचारलं. आदल्या संध्याकाळी जिने मान वर केली नव्हती तिने. अगदी नम्रपणे विचारलं.

"कालच्यासारखे हाताने पास लिहा."

"ते आता चालणार नाही," शिवानंद म्हणाला. "वरनं सक्त मनाई आलीय. तुम्हालाच फोन आला होता की."

साहेबांनी घाम पुसला. मग माझ्या काउंटरच्या मागे आले, वाकले आणि कानाशी कुजबुजले, "ढमढेरे, माझा आयडी घाला. निदान एक काउंटर तरी चालू होईल. पासवर्ड सांगतो."

आदल्या संध्याकाळी ज्या गोष्टीसाठी एका बाईचा पास काढला, तीच गोष्ट हा माणूस सकाळी माझ्या कानात सांगत होता. आणि ताईंनी तर ती कधी केलीही नव्हती. माझा आवाज मुळात मोठा, तेव्हा तर तो मी आणखी सोडला.

"साहेब, तुमचा पासवर्ड मला सांगताय?"

"हळू बोला."

"नाही, मला नीट ऐकू आलं नाही. तुमचा आयडी मी घालू, असंच ना?"

रांगेतली माणसं बघायला लागली. शिवानंद पुढे आला. "साहेब, त्या बाईंनी पासवर्ड कुणालाच दिला नव्हता बगा. तुम्ही तर वाटताय की."

"मग काय करायचं ते तुम्हीच सांगा, हुद्दार."

"यांना आयडी द्यायचे. तुम्ही हो म्हणा, मी इथं बसून एकेक करून देतो. काय मोठं काम आहे त्यात?"

"ते माझ्या हातात नाही. वरून मंजुरी लागते." मग घड्याळाकडे बघत, "शेवाळेंना बोलवून घ्या."

ताईंचं घर जवळच. फोन गेला तशा त्या आल्या, पण गेटपाशी थांबल्या, कारण पास नव्हता. साहेब त्यांना आणायला निघाले आणि समजूत घालायला मलाही सोबत घेतलं. ऊन चांगलंच वर आलं होतं. ताई गेटच्या बाहेर पिशवी हातात धरून उभ्या, जवान आतल्या बाजूला.

"या, शेवाळे. ही पाहुण्यांची चिठ्ठी केलीय तुमच्या नावाने. आजच्यापुरती."

"आणि माझा पास?"

"तो मुख्यालयात गेलाय. चौकशी होईल ना रीतसर. आता वेळ नाही."

"साहेब, मी पाहुणी असेन तर पाहुण्यासारखी बसेन. पाहुण्याने काउंटरला हात लावायचा नसतो. असा नियम आहे ना हो?" हे त्यांनी जवानाला विचारलं. तो म्हणाला, "हो ताई, आहे."

साहेब इकडेतिकडे बघायला लागले. आतून गलक्याचा आवाज येत होता. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि ताईंचा पास बाहेर काढला. फितीसकट. मुख्यालयात गेलेला पास रात्रभर त्यांच्या घरी खुंटीवरच्या शर्टात होता. मला इतकी चीड आली की मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि ताईंच्या गळ्यात घातला.

ताई आत आल्या. एक नंबरवर बसल्या. शिवानंदने त्यांचा आयडी पुन्हा चालू करून दिला. त्यांनी तो घातला, पासवर्ड घातला, स्क्रीन उजळली. "या, पुढे या," म्हणून पहिल्या प्रवाशाला बोलावलं.

साहेब वाट बघत होते त्या उठून दोन नंबरकडे जातील म्हणून. खरं सांगते, इतक्या वर्षांची सवय, आम्हीही वाटच बघत होतो.

"शेवाळे, बाकीचे काउंटर?"

"माझ्या आयडीवर एकच चालतो, साहेब. तुम्हीच काल सांगितलंत, सुरक्षेचा प्रश्न आहे. मुलींना त्यांचे आयडी द्या."

"ही वेळ आहे का या गोष्टीची?"

"पाच वर्षं वेळच नव्हती. आज आहे असं दिसतंय."

हे बोलताना त्या बॅगेला टॅग लावत होत्या. मान वर केली नाही. रांगेतला एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "अहो, काय मागतात त्या ते द्या ना, आमची विमानं जातील."

साहेब शिवानंदकडे वळले. आमच्याकडे बघवलं नाही त्यांना. "करा," एवढंच म्हणाले.

शिवानंद सर्व्हरच्या खोलीत गेला नाही, कुठे गेला नाही. काउंटरच्या कडेला लॅपटॉप टेकवून उभ्याउभ्याच विचारत गेला. नाव बोला. पुढचं. पासवर्ड तुमचा तुम्ही घाला, मी तिकडे बघतो. वर पाठवलेलं, मंजुरी लागणारं, पाच वर्षं अडलेलं काम. समोरचा चहाही निवला नाही तेवढ्यात माझं झालं. लोक विचारतात, तेव्हा आनंद झाला असेल ना? छे. आधी संताप आला. एवढंसंच होतं तर मग आम्हाला पाच वर्षं नाहीसं का करून ठेवलंत?

आठही स्क्रीन चालू झाल्या. माझ्या रांगेत पहिला उभा होता तो एक सफारीवाला गृहस्थ, केस चांगलेच पिकलेला. त्याला खिडकीची जागा हवी होती, ती केव्हाच गेली होती.

"दोन तास उभं करता आणि वर जागा नाही म्हणता? लाज वाटत नाही?"

"दोन तास मीही इथेच बसलेय, काका. खिडकी नाही म्हणजे नाही. मी काय नवी फोडून देऊ?"

"नाव सांगा तुमचं. लेखी तक्रार करणार आहे मी."

पूर्वी असं कुणी म्हटलं की आम्ही गप्प बसायचो, कारण नाव ताईंचं जायचं. मी बोर्डिंग पास त्याच्यासमोर ठेवला.

"वैजयंती रावसाहेब ढमढेरे. तळाशी छापलंय, बघा. पूर्ण लिहा, काही सोडू नका."

त्याने खरंच लिहून घेतलं, आणि खरंच तक्रार केली. पुढच्या आठवड्यात मला मेमो आला. वर लिहिलं होतं, 'वैजयंती रावसाहेब ढमढेरे, प्रवासी सेवा कर्मचारी, काउंटर क्रमांक तीन, यांस.' खाली टिपणीस साहेबांची सही. माझं नाव कुठेच नाही म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने माझं नाव लिहून दिलं होतं. मी तो हातात धरून एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मुली हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

ताईंनी चष्मा लावून तो स्वतः वाचला.

"काय केलंस म्हणतायत?"

"प्रवाशाशी उद्धटपणे बोलले म्हणे."

"मग ते खरं असणार," ताई म्हणाल्या आणि मेमो माझ्या हातात देऊन पुढच्या प्रवाशाकडे वळल्या.